एक तांब्या शिळं पाणी

“वहिनी, रोज एक तांब्या. जास्त नाही. आणि ताजं नाही हां, शिळं घालायचं.”

भावजी टाकीसमोर उकिडवे बसले होते. मी पदर खोचून त्यांच्यामागे उभी होते, हातात जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांची वही. मी लिहून घेतलं: एक तांब्या, शिळं.

“शिळं म्हणजे?”

“नळाचं पाणी एक रात्र ठेवून दिलेलं. नळाच्या पाण्यात औषध असतं, ते उडून जायला हवं. आधी एक तांब्या काढायचं, मग एक तांब्या घालायचं. देवाला ताजं, यांना शिळं.”

“म्हणजे या घरात देवापेक्षा यांचं सोवळं कडक,” हे खुर्चीतून म्हणाले.

टाकी दोन फुटांची. खाली काळी वाळू, दोन दगड, एक वाळकं लाकूड आणि त्यावर हिरवंगार शेवाळ. त्यात चाळीस लाल कोळंब्या. खायच्या नव्हेत, पाळायच्या. गोड्या पाण्यातल्या, करंगळीच्या नखाएवढ्या. मुंबईहून पार्सलनं आलेल्या. चातुर्मासात ज्या घरात कांदा चिरला जात नाही, तिथे चाळीस कोळंब्या नांदतात, यावर रत्नागिरीतल्या आमच्या इमारतीत पुष्कळ हसून झालं होतं. शेजारच्या शिवलकरवहिनी तर येता-जाता विचारायच्या, “काय वो आठल्येवहिनी, फोडणी कधी?”

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली.

दिगंबरभावजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही. मोजणी खात्यात होते. साखळी धरून त्यांनी अर्धा जिल्हा पायाखाली घातला, आणि मग दारूपायी नोकरी गेली. कोल्हापूरकडच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात दोनदा राहून आले. दुसऱ्यांदा आल्यापासून अकरा महिने थेंब घेतला नव्हता. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, संध्याकाळी सात ते नऊ ही वेळ सांभाळा, तेवढ्यात डोळ्यांना काहीतरी काम द्या. म्हणून ही टाकी. सात वाजले की भावजी स्टूल ओढून समोर बसायचे ते नऊपर्यंत. मी तेवढ्यात दिवा लावून, स्तोत्रं म्हणून, वाती वळायला घ्यायची. आम्ही दोघं एका खोलीत दोन तास काही न बोलता असायचो. मला ते आवडायचं.

आता केंद्रानं त्यांना पंधरा-सोळा दिवस बोलावलं होतं, नव्यानं आलेल्या लोकांना सोबत म्हणून. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी ‘तुम्ही हवे आहात’ असं त्यांना कळवलं होतं. पण तिथला नियम म्हणजे नियम. मदतनिसांचेही मोबाइल जमा करून घेतात, आणि घरी फोन फक्त रविवारी सकाळी, दहा मिनिटं.

“लिहा,” भावजी म्हणाले. “आजारी कशी ओळखायची. एक. चांगली कोळंबी कधी रिकामी बसत नाही. हे पुढचे बारीक पाय बघा, सारखे काहीतरी वेचून तोंडात घालताहेत. जपमाळ ओढल्यासारखे.”

“खरंच की.”

“तुमच्या जातीच्याच आहेत. जप थांबला की समजायचं, काहीतरी बिघडलं. दोन. अंग काचेसारखं आरपार दिसायला हवं. आतून दुधासारखं पांढुरकं दिसलं तर वाईट. तीन. मानेशी पांढरी आडवी कड आली, गळ्यात दोरा बांधल्यासारखी, तर तिला कात टाकता येत नाहीये. चार. सगळ्या वर येऊन काठाला चिकटल्या, नाहीतर वेड्यासारख्या गोल फिरायला लागल्या, तर दोष पाण्यात.”

मी लिहीत होते.

“आणि नुसती कात पडलेली दिसली तर घाबरू नका. राहू द्या तशीच. त्याच खातात.”

“स्वतःचीच?”

“हो. सोडलेलं परत तोंडात घेतात.” ते हसले. “फक्त त्यांना ते मानवतं.”

यांनी पेपर वर केला. भावजींच्या असल्या बोलण्यावर हसावं की नाही, ते यांना कधी कळायचं नाही.

वही मिटताना भावजी म्हणाले, “वहिनी, एक वचन द्या. काही झालं, एक जरी मेली, तरी मला सांगायचं. त्याच रविवारी. मला त्रास होईल म्हणून झाकून ठेवायचं नाही. आईच्या वेळेसारखं.”

पेपरामागे काही हललं नाही.

“सांगेन,” मी म्हटलं. “मग मलाही एक द्या.”

“काय?”

“घराबाहेर पडाल तेव्हा कुठे जाताय ते मला सांगून जायचं. कुठेही जा. तिकडे जायचं झालं तरी.”

तिकडे म्हणजे गुत्त्यात, हे तिघांनाही माहीत होतं. भावजी काचेवर बोट टेकवून बसले होते. बोटाच्या पलीकडे एक कोळंबी आपली वेचत होती.

“सांगून जाईन,” ते म्हणाले.

सोमवारी पहाटेच्या गाडीनं ते गेले.

माझे नेम पुष्कळ. पूजा होईपर्यंत मौन, रोज एकशे आठ वाती, शनिवारी मीठ नाही, असे. सगळे सांगत बसत नाही. त्या चातुर्मासात मी घरच्या पिंडीवर रोज तांब्याच्या कळशीतून अभिषेक धरला होता. कळशी सासूबाईंची. आमच्याकडे नळाला पाणी संध्याकाळी येतं, म्हणून कळशी संध्याकाळीच आमसुलाच्या चोथ्यानं लख्ख घासून, भरून, पाटावर झाकून ठेवायची. सकाळी त्यातलं पाणी देवाला. रात्र उलटलेलं पाणी देवाला कसं, असं मी नवी नवरी असताना विचारलं होतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, “तांब्यातलं पाणी शिळं होत नाही गो.” तो विषय तिथेच संपला.

भावजींनी जाताना गॅलरीत एक प्लॅस्टिकची बादली भरून ठेवली होती. सोमवार-मंगळवार मी तिच्यातलं पाणी घातलं. बुधवारी बघते तर बादलीच्या काठावर कावळा, आणि पाण्यात भाकरीचा तुकडा. पाणी ओतून दिलं. दुसरी बादली न्हाणीघरातली. तिच्याकडे बघून माझा हात पुढे होईना. विश्वासानं सोपवलेले जीव, त्यांना न्हाणीघरातल्या बादलीचं पाणी? अभिषेक होऊन कळशीत दीड-दोन तांबे पाणी उरलं होतं. रात्रभर ठेवलेलं, म्हणजे भावजींच्या हिशेबानं शिळं. आणि देवाचं, म्हणजे माझ्या हिशेबानं शुद्ध. दोघांचंही साधलं, असं वाटून मला बरं वाटलं. मी एक तांब्या काढला, एक तांब्या घातला.

गुरुवारी सकाळी शेवाळावर एक कोळंबी निपचित पडलेली दिसली. पूजा व्हायची होती म्हणून मी तोंडातून शब्द काढला नाही. तशीच शिवलकरवहिनींकडे गेले आणि त्यांचा हात धरून त्यांना घेऊन आले.

“काय झालं? बोला की वो! अग्गो बाई, मौन हाय होय?” त्या काचेला नाक लावून वाकल्या. मग हसत सुटल्या. “वहिनी, ही मेलेली नाय. साल हाय ही साल. आम्ही सोलतो ना, तशीच. आतली बाय कवच सोडून कधीच पळाली. बघा, डोळ्यांच्या जागी नुस्ती टोपणं.”

मी हात जोडले.

“देवाला जोडा. कोळंबीचं सुतक धरलंत तर आमचं कसं व्हायचं?” असं म्हणत त्या गेल्या.

त्यानंतर पडलेलं काही दिसलं की मी स्वतःशी म्हणायची, कात आहे. आणि पुढे जायची.

पहिल्या रविवारी बरोबर दहाला फोन आला. भावजींचा आवाज ताजा होता. नवीन लोकांत एक हेडमास्तर आहेत, रात्रभर पाढे म्हणतात, वगैरे सांगून झालं.

“आणि आपली मंडळी?”

“छान आहेत. शांत असतात. एका जागी बसून असतात अगदी.”

“शांत?” ते थांबले. “खातात ना?”

“खातात की. थोडं थोडं.”

“वहिनी, जप चालू आहे ना त्यांचा?”

मी टाकीकडे पाहिलं. फोन दिवाणखान्यात, टाकी खिडकीशी, आणि माझा चष्मा देवघरात. “असेल,” म्हटलं. तेवढ्यात त्यांची दहा मिनिटं संपली.

चष्मा लावून टाकीसमोर बसले, तेव्हा कळलं. पुढचे पाय थांबले होते. सगळ्यांचे नव्हे, पण पुष्कळांचे. एक-दोन हलत होते, तेही झोपेत माळ ओढल्यासारखे. मी वही उघडली. ‘जप थांबला की काहीतरी बिघडलं.’ माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, आणि मी त्याला ‘शांत’ म्हटलं होतं.

आजारी माणसाला काय देतात? तीर्थ देतात. त्या दिवसापासून मी एकाच्या जागी दोन तांबे घालायला लागले. हात पाण्यावर धरून महामृत्युंजय म्हणायचा, मग कळशी हळूच कलती करायची.

मंगळवारी त्यांतल्या पाच-सहा गोल फिरायला लागल्या. खालून वर, वरून खाली, काचेवर आपटून परत. बुधवारी वर काठाला ओळीनं चिकटल्या. आणि वाळूवर पडलेल्या होत्या त्या वाढत चालल्या. मी शिवलकरवहिनींना पुन्हा बोलावलं.

या वेळी त्या हसल्या नाहीत. बाही वर सारून एक बाहेर काढली आणि तळहातावर ठेवली. “ही साल नाय वहिनी. हिच्यात मांस हाय. आणि हे बघा, पांढरी फटक. आरपार दिसतेय काय? अशी बाजारात कुणी फुकट दिली तरी आम्ही घेत नाय.” मग वाळूवरच्या बाकीच्यांकडे बघून त्यांनी विचारलं, “या कधीपासून अशा पडल्यात?”

त्यांतल्या किती मी कात म्हणून सोडून दिल्या होत्या, कोण जाणे.

“खायला काय घालताय?”

“भावजींनी दिलंय तेच.”

“आणि पाणी?”

“सगळ्यात चांगलं,” मी म्हटलं.

शुक्रवारपर्यंत वीसच्या वर गेल्या. मी त्या सोनचाफ्याच्या पानावर घेऊन खालच्या तुळशीत पुरत होते. हे गॅलरीतून बघायचे. एकदा म्हणाले, “त्याला काय सांगणार आहेस तू?”

शनिवारी दुपारी माझ्या अंगात कणकण होती. आदल्या संध्याकाळी कळशी घासायची राहिली होती, नुसती विसळून भरली होती. मोरीशी बसून तिच्यात हात घातला, तर बुडाशी बोटांना तो नेहमीचा खरखरीत थर लागला. आमसुलाचा चोथा फिरवला. हिरवट-निळं पाणी मनगटावरून ओघळलं.

तीस वर्षं मी ते पाणी मोरीत सोडत आले होते. त्या दिवशी ते ओंजळीत धरून बसले.

माझं माहेर गुहागरकडचं, पोफळीचं. पावसाच्या तोंडाला सुपारीवर फवारायला बाबा मोरचूद आणि चुना कालवायचे. त्याचा रंग असाच. मी आठ-नऊ वर्षांची असताना शहाणपणा करून मोरचुदाचं घमेलं व्हाळात, म्हणजे ओढ्यात, नेऊन धुतलं होतं. दुसऱ्या दिवशी व्हाळातल्या झिंग्या पांढऱ्या होऊन तरंगत होत्या. बाबांनी मारलं नाही. काठाशी बसवून म्हणाले होते, “तांब्याचं विष असतं ते. माणसाला थेंबभर पचतं. यांना नाही पचत.”

ताक तांब्याच्या भांड्यात ठेवलं की कळकतं. चिंचेची आमटी ठेवली की कळकते. हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. पोरीबाळींना मीच शिकवत आले. पण पाणी कळकेल, तेही देवाचं, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. आणि मी तर कळशी रोज आंबट लावून घासत होते, वर रात्रभर पाणी भरून ठेवत होते. आजारी पडल्या म्हणून एकाचे दोन तांबे केले होते.

मी कळशी पालथी घातली. शिवलकरवहिनींकडे गेले. आमच्या इमारतीमागे विहीर आहे, तिचं पाणी त्या पिंपात साठवून ठेवतात, प्लॅस्टिकच्या. मी त्यांना सांगितलं.

“तीर्थानं?”

“हो.”

“चला,” त्या म्हणाल्या. दोघींनी मिळून निम्मी टाकी उपसली आणि स्टीलच्या भांड्यानं पिंपातलं पाणी हळूहळू घातलं. संध्याकाळी पुन्हा तेवढंच. त्या एवढं बोलणाऱ्या, पण त्या दिवशी फोडणीचं नाव काढलं नाही.

रविवारी सकाळी मोजल्या. नऊ होत्या.

साडेनऊला हे माझ्यासमोर येऊन बसले. दाढी केलेली, शर्ट बदललेला, बाहेर कुठे जायचं असल्यासारखे.

“हे बघ, मी मुंबईला फोन केला होता. परवा पार्सल येतंय. तीस. लाल ते लाल, त्याला काय ओळखू येणार आहे? आज फक्त म्हण, मजेत आहेत.”

“वचन दिलंय त्यांना.”

“आणि तो तिथून उठून सरळ गुत्त्यात गेला तर? अकरा महिने झालेत. तुझं खरं बोलणं घेऊन मी काय करू मग?”

हे काही कठोर माणूस नव्हेत. धाकट्या भावाला खांद्यावर टाकून जिना चढलेत ते, एकदा नव्हे, पुष्कळदा.

इथे मला आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, सांगायला हवं. भावजी पहिल्यांदा केंद्रात होते, तेव्हा आई शुक्रवारी गेल्या. डॉक्टरांना न विचारताच आम्ही ठरवलं, त्याला आत्ता कळवायचं नाही, सोसणार नाही. रविवारी फोन आला. मी घेतला. त्यांनी विचारलं, “आई कुठेय?” हे समोर उभे होते. डोकं भादरलेलं, दोन्ही हात जोडलेले. मी म्हटलं, “झोपल्यात.”

पंधरा दिवसांनी हे भेटायला गेले. यांच्या डोक्यावर केस नाहीत, हे भावजींनी फाटकातूनच पाहिलं. त्याच दिवशी ते केंद्रातून निघाले, आणि पुढची तीन वर्षं प्यायले. त्यांनी दोष दिला तो दादाला. मला कुणीच दिला नाही. मी हळू बोलते, त्यामुळे मी काही बोललेच नव्हते असं सगळ्यांना वाटतं. पण तो शब्द माझा होता. त्या वर्षापासून माझ्या नेमांत एक वाढला. तो मी कुणाला सांगितलेला नाही.

दहाला फोन वाजला. हे माझ्यासमोर उभे राहिले. हात जोडले नाहीत, पण तसेच उभे.

“वहिनी, कशी आहेत मंडळी?”

“भावजी, एकतीस गेल्या.”

हे खुर्चीत जाऊन बसले.

पलीकडे कुणीतरी लांब पाढे म्हणत होतं. मग भावजींनी विचारलं, “उरल्या किती?”

“नऊ. जप चालू आहे त्यांचा. मी चष्मा लावून बघितलंय.”

“कशानं?”

“मी मारल्या. कळशीतलं पाणी घातलं मी. देवाच्या. तुम्ही म्हणालात एक तांब्या, शिळं. रात्रभर ठेवलेलं ते माझ्याकडे तेवढंच होतं, म्हणून. आजारी पडल्या तेव्हा दुप्पट घातलं.”

“तांब्याची कळशी?”

“हो.”

श्वास ऐकू येत होता. तोही मग ऐकू येईना. मी ‘हॅलो’ म्हटलं. दहा मिनिटं झाली नव्हती. फोन त्यांनीच ठेवला होता.

सोमवारी सकाळी केंद्रातून फोन आला. दिगंबर आठल्ये सहाच्या गाडीनं निघाले, बुधवारपर्यंत थांबायचं ठरलेलं असूनही. मोबाइल न्यायला विसरलेत, घरी पोचले की कळवा.

सहाची गाडी बाराला येते. बारा वाजले, एक वाजला. हे स्टँडवर जाऊन आले. तीनला पुन्हा जाऊन आले. परतल्यावर चपला न काढता गॅलरीत उभे राहिले आणि तिथूनच म्हणाले, “झालं तुझं समाधान?”

मी देवाजवळ बसले होते. काय मागावं ते कळत नव्हतं. मागायचं तर ‘मी खोटं बोलायला हवं होतं’ असं म्हणावं लागलं असतं, आणि ते काही तोंडातून येईना.

पाचला बेल वाजली. भावजी दारात. पिशवी खांद्याला, डोळे तांबडे, शर्ट घामानं चिकटलेला. हे पुढे झाले आणि त्यांनी भावाच्या तोंडाजवळ तोंड नेलं. वास घेतला. मला बघवेना.

“नाही घेतली, दादा,” भावजी म्हणाले. “अलीकडे हातखंब्याच्या फाट्यावर उतरलो होतो. बसलो जरा.”

“पाच तास?”

भावजींनी चपला काढल्या, हातपाय धुतले. मग स्टूल ओढून टाकीसमोर बसले. खूप वेळ बसले. मी चहा नेऊन ठेवला, तो तसाच राहिला.

“दहा आहेत,” ते म्हणाले.

“नऊ. मी चारदा मोजल्या.”

“लाकडाच्या खाली बघा. डावीकडे.”

मी चष्मा लावून वाकले. होती. एवढीशी, अजून धड लाल न झालेली. पुढचे दोन पाय सारखे चालू.

“ती कळशी दाखवा.”

मी आणून दिली. त्यांनी ती उजेडाकडे धरून आत पाहिलं, बोट फिरवलं. “आईची,” ते म्हणाले. मग म्हणाले, “चूक माझी. एक तांब्या म्हणालो. मोजणी खात्यात असतो तर एक लीटर म्हणालो असतो.”

मला हसू आलं आणि रडूही. मी दोन्ही केलं नाही.

“भावजी,” मी म्हटलं. “आई झोपल्यात, असं मी म्हटलं होतं. दादांनी नाही. फोनवर मी होते.”

“माहीत आहे, वहिनी,” ते म्हणाले. “तुमचा आवाज मला ओळखू येतो की.”

कळशी त्यांनी माझ्या हातात परत दिली.

सात वाजले. मी दिवा लावला आणि वातींचं तबक घेऊन बसले. हे पेपर उघडून बसले होते, सकाळचाच. भावजी नेहमीसारखे स्टुलावर होते. पाच-सात मिनिटं गेली असतील. ते उठले. आत जाऊन शर्ट घालून आले. दारापाशी जाऊन चपलेत पाय घातले.

यांचा पेपर खाली आला. यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या मांडीवर कापूस होता, आणि बोटांत अर्धी वळलेली वात.

भावजींनी कडी काढली, दार उघडलं आणि उंबऱ्यात थांबले.

“वहिनी.”

“अं?”

“सांगून जातोय.”

मी वात खाली ठेवली.

“विहिरीवर जातोय,” ते म्हणाले. “दोन कॅन भरून ठेवतो. उद्यासाठी शिळं व्हायला हवं ना.”

कोपऱ्यातले प्लॅस्टिकचे दोन कॅन त्यांनी उचलले आणि दार हळूच ओढून घेतलं. तीन मजले, साठ पायऱ्या. रिकामे कॅन कठड्याला लागत लागत खाली जात होते. आवाज विहिरीपाशी थांबेपर्यंत आम्ही दोघंही ऐकत होतो.